बापाचा वाघोबा

"शर्ट काढ. कमरेला ही पानं बांध. आदिवासी दिसायला पाहिजेस ना?"

पानं प्लास्टिकची होती. बोलणारे आमच्या कंपनीतले एचआरचे साहेब. रबाळ्याच्या त्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता. समोर अख्खं ऑफिस बसलं होतं. हसत होतं.

मी तिथला कंत्राटी कामगार. मूळचा मोखाड्याकडचा, कोकणा आदिवासी. आमच्या गावात बोहाडा होतो. त्यात देवाची सोंगं नाचतात. त्यांचे लाकडी मुखवटे आमच्या घरात घडतात. आजा घडवायचा, बाप घडवायचा, मी घडवतो. सुट्टी असली की खोलीत बसून कोरायचं, रंगवायचं. सोंग घेणारा उपास धरतो. आधी मुखवट्याची पूजा, मगच तो तोंडावर चढतो.

साहेबांनी माझ्या मोबाईलवर फोटो बघितले होते. म्हणाले होते, "घेऊन ये. स्टेजवर मांडू. लोकांना तुमची कला कळू दे."

मला खरं वाटलं. बापानं कोरलेला वाघोबा घेऊन आलो. बाप आता नाही.

आणि आता हातात ही पानं. नाही म्हटलं तर काम जाईल. घरी बायको, पोरगी. मी शर्टाचं वरचं बटण काढलं.

तेवढ्यात साहेबांनीच वाघोबा तोंडावर चढवला. बुटासकट उड्या मारायला लागले. "हू हू" ओरडायला लागले. कोणीतरी वाघोबाच्या तोंडात सिगारेट खोचली.

"साहेब, उतरवा."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हणालो, "उतरवा. आमचा देव हाय तो."

"अरे टेन्शन कशाला घेतो? मजा चाललीय."

मी पुढे गेलो. दोन्ही हातांनी मुखवटा काढून घेतला. साहेब भडकले.

"कोणाला हात लावलास, कळतंय का तुला?"

"तुमाला न्हाई लावला. देवाला लावला."

वाघोबा छातीशी धरून बाहेर पडलो. स्टेशनपर्यंत मागे वळून बघत होतो. वाटत होतं, सिक्युरिटीवाले येतील, चोर म्हणून धरतील.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार म्हणाला, "साहेबांची माफी माग. नायतर येऊ नको."

मी माफी मागितली नाही. काम गेलं.

भीती गेलेली नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की बायकोला उचलायला लावतो. पण आता कोणी बोलावलं की आधीच सांगतो. मुखवटा दाखवीन. कसा घडतो ते सांगीन. तुमच्या करमणुकीला नाचणार नाही.

सांगताना आवाज कापतो. कापू दे. नाही म्हणायला तेवढा पुरतो.