किसनमामा आणि माहेरवाशिणींचा खो-खो

किसनरावजींची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा आठवीत होते. भीमपूरजवळच्या आमच्या गावातून आदिलाबादच्या शाळेत बसनं जायचे. एका सकाळी बस सुटली आणि मी दप्तर सांभाळत तिच्यामागं धावले. मागच्या दारात कंडक्टर उभे होते. माझ्याकडं पाहत होते, पण बस काही थांबवत नव्हते. नाल्याच्या उतारावर बस हळू झाली तेव्हा कशीबशी चढले आणि दम लागलेला असतानाच ओरडले, "काका, मी दिसून नव्हती राह्यली काय तुमाले?"

"दिसून राह्यली होती ना," ते शांतपणे म्हणाले. "पाह्यत होतो पोरगी कितीक पयते थे. संध्याकाळी गावच्या मैदानावर ये."

ते कंडक्टर म्हणजेच किसनरावजी ठमके, आमचे किसनमामा. त्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं म्हणून आपण हा गौरवग्रंथ काढतो आहोत. ड्यूटी संपली की खाकी कपड्यांनिशीच ते गावच्या मैदानावर येत आणि आम्हा मुलींना खो-खो शिकवत. हे काम त्यांच्यावर कुणी सोपवलेलं नव्हतं. कशाला एवढा त्रास घेता, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "दिवसभर लोकायले बसोतो, संध्याकाळी पोरीयले उठोतो."

तेव्हा मोठ्या मुलीनं मैदानावर पळणं गावाला रुचत नव्हतं. माझ्या वडिलांनीही साफ नाही म्हटलं. मामांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मामींनाच मैदानाच्या कडेला आणून बसवलं. मामी तिथं ज्वारी निवडत बसायच्या. त्यांना पाहून एकेक आई यायला लागली, आणि आयांचा जीव तिथं रमल्यावर वडिलांचं काय चालणार?

खो-खोत एका ओळीत बसावं लागतं. आम्हा बौद्धवाड्यातल्या मुलींशेजारी बसायला सुरुवातीला दोघीतिघी कुरकुरल्या. मामांचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. "बसमंदी कोन कोनाजवळ बसलं हे मी पाह्यतो काय वं? जागा दिसली का बसाचं!" त्या बसल्या. त्यांच्यातली एक आजही माझी सर्वांत जवळची मैत्रीण आहे.

पण मामांचं मोठेपण मला खऱ्या अर्थानं कळलं ते आमची लग्नं झाल्यावर. एका दिवाळीत आमच्याबरोबर खेळलेली, माहेरी आलेली सुमन कडेवर मूल घेऊन मैदानाच्या काठाशी उभी होती. नुसती बघत होती. मामांनी तिच्याजवळ जाऊन मूल आपल्याकडं घेतलं, मामींच्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, "उतर मैदानात. लगन झालं म्हून पाय गेले काय?" सुमननं पदर खोचला. तिच्यामागून आम्ही सगळ्याच उतरलो. तेव्हापासून दर दिवाळीत माहेरवाशिणी विरुद्ध गावातल्या मुली असा सामना होऊ लागला. आम्ही नेहमी हरायचो आणि पोट दुखेपर्यंत हसायचो. वर्षभर सासरी कुणाची सून, कुणाची आई असलेल्या आम्ही त्या एका संध्याकाळी पुन्हा नुसत्या पोरी व्हायचो.

मामी गेल्या आणि सामना थांबला. त्या दिवाळीला मामा मैदानावर आले नाहीत आणि त्यांच्याशिवाय खेळायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. मी आता वांकिडीकडं एका शाळेत शिकवते. मुली ओळीत बसल्या की मला आमचं मैदान आठवतं आणि हातातलं पुस्तक तसंच राहतं. इतकी ओढ लागते, की घंटा झाल्याचंही कळत नाही.

गेल्या महिन्यात मामांना भेटायला गेले. खोलीत सामान बांधलेलं होतं. मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन जाणार आहे.

"काऊन चालले मामा?" मी विचारलं.

"पोरगा एकटा राहू देत नाही वं बाई. आन् इथं आता माह्यासाठी कोन येऊन राह्यलं?"

जे तिथं बोलायला हवं होतं, ते या गौरवग्रंथात लिहिते आहे. समितीनं क्षमा करावी.

मामा, मुलाच्या घरी सुखानं राहा. डोळे जपा, गुडघे जपा, शंभरी गाठा. तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा आहे. त्यात माझा स्वार्थही आहे. माझे आई-वडील आता राहिले नाहीत. भाऊ पोटासाठी दूर गेला, घराला कुलूप आहे. सुमनचंही तेच, इतर कितीतरी जणींचंही तेच. येत्या दिवाळीत आम्ही सगळ्या गावात येणार आहोत आणि पदर खोचून मैदानावर थांबणार आहोत. तुम्ही या. तुम्ही आलात तरच आम्ही माहेरी आलो असं होईल.