गुत्त्याची पाटी

आमच्या छावणीच्या गावात विलायतेच्या राणीच्या काळात गोऱ्या शिपायांसाठी उघडलेला बिअरचा गुत्ता अजून चालतो. दारावरच्या पाटीवर आजवरच्या मालकांची नावं आहेत. जुनं पुसायचं नाही, नवं खाली लिहायचं, ही रीत. सगळे पुरुष. पिंपं धुणाऱ्या, ग्लास भरणाऱ्या बायकाही असणारच. पाटीला त्या ठाऊक नाहीत.

काल पेंटर शिडीवर होता. गुत्त्याचे आत्ताचे मालक, म्हातारे रुस्तमकाका म्हणाले, "सुनेचं लिही. फ्रेनीच चालवते सगळं."

"बाईचं? दारूच्या पाटीवर?" पेंटर हसला.

फ्रेनी बाहेर आली, शिडी धरून उभी राहिली. "बारीक नको हं. रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे."

मी पलीकडेच उभी होते. शेवटचं अक्षर पुरं झालं.

"दिसतंय," मी म्हणाले. चक्क मोठ्याने.