दोन दिवस उशिरा छापलेली बातमी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण म्हैसूरच्या बोगादीतली चांदीच्या देवांची चोरी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तिच्यात मी एका निरपराध बाईला कोठडीत टाकलं होतं.

ती त्या घरची स्वयंपाकीण. एका सोमवारी काम सोडून मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेली. दोन महिन्यांनी देवघरातली मूर्तींची पेटी रिकामी निघाली. मालकांच्या पुतण्याने जबाब दिला, "त्याच सोमवारी मी टी. नरसीपूरहून दुपारच्या बसने आलो. गाठोडं घेऊन मागच्या दाराने निघताना तिला पाहिलं." जबाब चोख वाटला. मी तिला अटक केली. पेपरात तिचं नाव ठळक छापून आलं आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरी लिहिता लिहिता आमचे हेड कॉन्स्टेबल म्हणाले, "सर, त्या सुमारास नरसीपूरचा रस्ता पाण्याखाली गेला होता. नक्की दिवस आठवत नाही."

मी बस डेपोला पत्र धाडलं. उत्तराला वेळ लागणार होता आणि कोठडीची मुदत परवा संपत होती. म्हणून वाचनालय गाठलं. सोमवारचा पेपर पाहिला, मंगळवारचा पाहिला. पुराचं नावही नाही. मी फाईल मिटली.

जुने पेपर सांभाळणाऱ्या अक्का आमच्यासारख्याच, जुन्या मराठी शिपाईगड्यांच्या घराण्यातल्या. चष्म्यावरून बघत, आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "अय्यो, एवढ्यात झालं? तुम्ही बातमी शोधली, सर. ती म्हैसूरला येते कशी, ते बघितलं नाही अल्वा?"

"म्हणजे?"

"तालुक्याचा बातमीदार पाकीट कंडक्टरच्या हातात देतो. बसच बंद, मत्ते पाकीट कसं येणार? स्वल्प पुढचे पेपर काढा."

गुरुवारच्या अंकात, आतल्या पानावर, बाजारभावाखाली चार ओळी सापडल्या. सोमवारी सकाळी रस्त्यावर पाणी आलं, दोन दिवस एकही बस सुटली नाही. ज्या पुराने बस अडवली, त्यानेच बातमीही अडवली होती. मी अक्कांना चक्क सॅल्यूट ठोकला.

"पुरे, पुरे! हे घेऊन कोर्टात धावू नका. कात्रण वाट दाखवतं. साक्ष डेपोतून आणा."

मी स्वतः डेपोत गेलो आणि रजिस्टर निघेपर्यंत तिथून हललो नाही. नोंद तीच होती. मग पुतण्याला बोलावलं आणि नुसतं प्रवासाबद्दल विचारलं. खोटं बोलणारा माणूस मागितल्यापेक्षा जास्त देतो. त्याने खिडकीची जागा सांगितली, शेजारचा म्हातारा सांगितला. मी नोंदीची नक्कल पुढे ठेवली. तासाभरात त्याने चोरी कबूल केली. मूर्ती गोकुलममध्ये त्याच्या भाड्याच्या खोलीतल्या ट्रंकेत मिळाल्या.

सुटताना त्या बाईंनी विचारलं, "पेपरातलं नाव कसं पुसायचं, सर?" मी तिथून थेट वाचनालयात गेलो.

अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पुढे कुणी अटकेचा हा अंक उघडला तर ती चोरच राहणार की!" मी त्याच दिवशी पेपरच्या कचेरीत गेलो, चूक माझी होती असं लिहून दिलं आणि ते छापून आणलं. अक्कांनी अटकेच्या बातमीशेजारी चिठ्ठी चिकटवली : 'ही बाई निर्दोष. पुढचा अंक पाहा.' खाली माझा खुलासा छापलेल्या अंकाची तारीख.

अटक करण्याआधी, एखादं पाकीट अजून वाटेत तर नाही ना, हे विचारायला मला अक्कांनी शिकवलं. पुढे नोकरीभर मी ते विचारत राहिलो.

मागच्या महिन्यात वाचनालयात गेलो होतो. अक्का आता नाहीत. तो अटकेचा अंक काढून पाहिला. चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण जागची हललेली नाही.