कोळशाची वीज गोड असते

सूर्याचा इतका मनापासून राग करणारा जीव भंडारा जिल्ह्यात तर नाहीच, पण वटवाघळांतही सापडायचा नाही. हा जीव म्हणजे माझे सासरे, आणि मी सोलर पॅनेल बसवून पोट भरतो. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवल्या होत्या म्हणे!

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभी हयात एका औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर काढली. निवृत्तीनंतर वरठीला घर बांधलं तेही रेल्वे लाइनीला लागून. का, तर कोळशाच्या मालगाड्या दिसाव्यात. गाडीचा आवाज आला की हातातला घास ताटात ठेवून अंगणात उभे. "पाहा जवाईबापू, उद्याचा उजेड चालला!" एकदा त्या उजेडाच्या डब्यांत नुसती गिट्टी, म्हणजे खडी निघाली, पण बायकोनं डोळे वटारले, म्हणून मी गप्प राहिलो.

वीज चाखून ओळखायची विद्याही त्यांना साधली आहे. माझ्या घरचा इंडक्शनवरचा चहा त्यांना पानचट लागतो. "सोलरचा आहे ना. कोळशाची वीज गोड राह्यते," असं म्हणत कपावर कप रिचवतात. एका पावसाच्या झडीच्या दिवशी पॅनेलं झोपली होती, चहा सरकारी लाइनीवरच झाला. तरी तोंड वाकडं. मी खरं काय ते सांगितलं, तर म्हणतात, "मंग दूध पातळ असन." सूर्याला ते 'तुमचे सायेब' म्हणतात. जरा आभाळ आलं की फोन: "काहून जी, सायेब रजेवर गेले काय?" देशात पवनचक्क्याही किती वाढल्यात, हे सांगायची चूक मी एकदा केली. "वाऱ्याचं मले नोका सांगू. धान उफणाले वाऱ्याची वाट पाहून पाहून माह्या बापाचे केस पिकले!"

इथवर कौतुक. पण मागच्या महिन्यात जवळच्याच शहापूरच्या एका राइस मिलवाल्याशी माझं मोठं काम ठरत आलं होतं. ते हुकलं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं. मामाजी न बोलावता सोबत आले, मदत म्हणून. सगळा वेळ मुकाट बसले. मी देवाचे आभार मानले. मिलवाल्यानं सही करायला पेन उचलला आणि मामाजींनी घसा खाकरला. "अन् सूर्य बुडाल्यावर मिल काय बैलं जुंपून चालवाल?" पेन खिशात गेला. विचार करून सांगतो, म्हणाला. धन्य तो सासरा! मी अबोलाच धरला.

काही दिवसांनी ते एकटेच दुकानात आले. मोबाइल पुढे केला. वीज केंद्रातलं त्यांचं जुनं युनिट आधीच बंद झालं होतं. आता त्याचं धुराडं सुरुंग लावून पाडलं होतं, आणि जुन्या सोबत्यानं व्हिडिओ पाठवला होता. एवढं मोठं धुराडं कमरेत वाकलं आणि धुळीत गेलं. बघणारे टाळ्या वाजवत होते.

"टाळ्या कायले वाजवून राहिले असतील?" मामाजींनी विचारलं. मग काउंटरवरच्या पॅनेलवर बोट ठेवून म्हणाले, "याले सांभाळाले किती माणसं लागतात जी?"

एकही लागत नाही! याच वाक्यावर तर मी माल विकतो, रोज घसा फोडून सांगतो. पण त्यांच्याकडे पाहून ते तोंडातून निघेना.

"एक लागतो," मी म्हणालो. "जुना, जाणता. पण तसा माणूस भेटत नाही, मामाजी."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "धंदा कराचा आहे तं खोटं बोलाले शिका, जवाईबापू. कच्चे आहात." चपलेत पाय घातले. "चला शहापूरले. त्या मिलवाल्याले सांगतो, मशीन जवाईचं, देखरेखीले मी आहो."

मोटरसायकलवर मागे बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शहापूर येईपर्यंत तो हात तिथंच होता, आणि मी गाडी हळूच चालवली.