दूध ठेवलंय

खडकीच्या क्वार्टरमध्ये आमचं दूध तापायला पाऊण तास लागायचा. आई गॅस अगदी बारीक करून ओट्याशी उभी राहायची आणि हातात वाचनालयातली कादंबरी असायची. बाबांनी किंवा आजीनं हाक मारली की तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "दूध ठेवलंय." मग कुणी पुन्हा हाक मारत नसे. वाचणाऱ्या बाईला कुणीही उठवावं, पण दुधाशी उभ्या असलेल्या बाईला हलवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. बाबा कारखान्यातून आले की खुर्चीत बसून पेपर वाचायचे. त्यांच्या पेपराला मात्र कधी दुधाचं निमित्त लागलं नाही.

बायकांनी लिहिलेल्या किती कादंबऱ्या तिनं अशा उभ्यानं वाचल्या. त्याच मी आता कॉलेजात शिकवते, स्त्रीवादावर तास तास बोलते. अजूनही तापत्या दुधाचा वास आला की मला पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो.

आता आजी नाही, बाबाही नाहीत. परवा आई माझ्या खराडीच्या फ्लॅटवर राहायला आली. मी मुद्दाम तिच्यासाठी खिडकीशी आरामखुर्ची ठेवली. संध्याकाळी कॉलेजातून आले तर खुर्ची रिकामी. आई ओट्याशी उभी, गॅस बारीक, डोळे पुस्तकात. मला रागच आला.

"आई, इथं कोण आहे तुला हाक मारायला? बसून वाच की."

तिनं पान उलटलं.

"तू मारलीस ना आत्ता."