खारा रस्ता

गुरुवारी सकाळी तामोत्सु सेकिगुची आपला छोटा ट्रक घेऊन आकागी डोंगरावर गेला. रविवारी वर तळ्याकाठी जुन्या स्पोर्ट्स गाड्या जमणार होत्या. या जमण्याला कोणी आमंत्रण देत नाही, कोणी पावती फाडत नाही. एप्रिलचा पहिला रविवार आला की लोक येतात, गाड्या लावतात, एकमेकांच्या गाड्या बघतात आणि दुपारी पांगतात. तामोत्सु आणि त्याचे दोन सोबती असे तिघं मिळून जायचे, आणि बेत ठरवायचा तामोत्सु. ठरवण्याआधी रस्ता स्वतः बघून यायचा. पत्रा कापण्याआधी दोनदा माप घ्यावं, तसं.

डोंगरावर जायला दोन रस्ते. दक्षिणेचा उन्हातला, उत्तरेचा सावलीतला. आदल्या दिवशी वर बर्फ पडला होता. दक्षिणेच्या रस्त्यावर तो खाली उतरला, बोट ओलं केलं, डांबरावर फिरवलं आणि जिभेला लावलं. नुसती माती. मग डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या रस्त्याला गेला. तिथे डांबरावर पांढुरकी साय धरली होती. पुन्हा बोट लावलं. खारट, आणि मागून कडू.

बर्फ वितळावा म्हणून टाकतात ते मीठ. चांगला पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत ते रस्त्यावर पडून राहतं, चाकांबरोबर उडतं आणि गाडीच्या पोटाला जाऊन बसतं. मग सावकाश पत्रा खातं. जुनी गाडी जिवापाड जपणारा माणूस अशा रस्त्याला फिरकत नाही. तामोत्सुने थुंकून जीभ साफ केली. दक्षिणेने जायचं, एवढंच ठरवायचं होतं.

शुक्रवारी तो फुमिए ओरिहाराच्या केशकर्तनालयात गेला. बेत तिथेच ठरायचा. फुमिएची गाडी उघड्या टपाची, त्या मानाने नवी. ती तीच घेऊन भाजी आणायलाही जायची, मिठात, चिखलात, कशातही. खुर्चीत कात्सुजी नोझुए तोंडाला फेस लावून आडवा पडला होता. तामोत्सु आणि कात्सुजी बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या एकाच कारखान्यातून निवृत्त झालेले. तामोत्सु पत्रा ठोकायचा, कात्सुजी सामानाच्या कोठीवर बसायचा.

"बसा, तामो-सान," फुमिए म्हणाली. "याची दाढी उरकते. नव्या गाडीवाल्याचं थोबाडही नवं दिसायला हवं."

"नवी कुठली?" कात्सुजी फेसातून बोलला. "माझ्या लग्नाचं आणि तिचं वय एकच आहे."

"पण बायकोपेक्षा ती चांगली टिकलीय म्हणतात."

"हे आमच्या घरी बोलू नका हं. वस्तरा हातात आहे म्हणून ऐकून घेतोय."

तामोत्सु हसला नाही. ती गाडी हेच त्याचं दुखणं होतं.

त्याच्याकडे तशीच गाडी होती. तीच कंपनी, तेच वर्ष, तोच लाल रंग. त्याने ती भंगारात घेतली तेव्हा तळातून जमीन दिसत होती. नऊ वर्षं तो तिच्यावर राबला. तळ नवा घातला, मडगार्डं कुजलेल्या भागापुरती कापून नवा पत्रा जोडला, एकेक जोड घासला, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा खरवडली, पुन्हा भरली. दोन्ही खांदे त्यातच गेले. कात्सुजीची गाडी मात्र आयती चालत आली. त्याचा मेव्हणा वारला. मेव्हण्याने ती रेशीमकिड्यांच्या जुन्या, कोरड्या कोठारात झाकून ठेवली होती. बहिणीने विचारलं, नेतोस का, आणि हा घेऊन आला. आजवर तिचा एक स्क्रू काढला नव्हता.

गेल्या शरदात शेवयांच्या दुकानामागच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. लोक कात्सुजीच्या गाडीपुढे उकिडवे बसले. मूळचा रंग! मूळची काच! कोणाचा हात लागला नाही हो हिला! मग एक जण तामोत्सुच्या गाडीकडे वळला, मान हलवली आणि म्हणाला, "हिच्यावर बरंच काम झालेलं दिसतंय." सभ्य माणूस होता. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. तामोत्सुला ते वाक्य हिवाळाभर टोचत राहिलं. ज्याने काहीच केलं नाही त्याच्या गळ्यात हार, आणि ज्याने हाडं झिजवली त्याच्या कामाला डाग म्हणायचं, हा कुठला न्याय?

फुमिएने कात्सुजीचा गाल पुसला. "ताकासाकीहून फोन आला होता. विचारत होते, ती हात न लागलेली लाल गाडी येणार ना? निइगाताहूनही कोणी खास येणार आहे म्हणे."

"माझं कसलं कौतुक, मेव्हण्याचं आहे," कात्सुजी म्हणाला. पण खुर्चीत उठून बसला आणि आरशात बघितलं.

"तुमचं नाव नाही काढलं हो कोणी, तामो-सान," फुमिए म्हणाली. "दोन्ही लालच आहेत म्हणा. चुकून तुमच्याही गाडीचे फोटो काढतील."

"काढू देत," तामोत्सु म्हणाला.

"मग रस्ता? नेहमीचाच ना?" कात्सुजीने विचारलं.

तामोत्सुने खिशातून नकाशा काढला, गुडघ्यावर पसरला. बोट दक्षिणेच्या रेघेवर होतं. ते त्याने उचललं.

"उत्तरेने जाऊ," तो म्हणाला. "दक्षिणेला रविवारी सायकलवाल्यांची झुंबड असते."

"तिकडे सावली असते ना? बर्फ पडला होता परवा," फुमिए म्हणाली.

"बर्फ नाही आता. बघून आलोय."

हे खरंच होतं. बर्फ नव्हता.

"तामो-सान बघून आलेत म्हटल्यावर संपलं," कात्सुजी म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? मी तुमच्या मागोमाग येतो."

घरी येताना तामोत्सु स्वतःशी हिशेब मांडत होता. माझी गाडीही त्याच रस्त्याने जाणार आहे. तिच्या पोटाला मी हाताने डांबराचा जाड लेप दिलाय, ती सोसेल. त्याच्या गाडीला कारखान्यातला पातळ रंग, तोही जुना. बसू दे थोडा गंज. मग येईल हातात ब्रश. मग कळेल गाडी ठेवणं म्हणजे काय. हिशेब चोख वाटत होता, तरी तो पुन्हा पुन्हा मांडावा लागत होता.

बायको सेत्सुकोने जेवताना विचारलं, "रस्ता चांगला नव्हता का? गप्प का?"

"चांगला आहे."

"मग शेवया का गार होतायत?"

रविवारी तिघं उत्तरेने चढले. पुढे तामोत्सु, मध्ये कात्सुजी, मागे फुमिए. आरशात लाल गाडी दिसत होती, आणि वळणावर तिच्या चाकांमागे उडणारी पांढरी धूळही. तामोत्सुने वेग कमी केला. मग वाढवला. परत फिरायला जागा होती, दोनदा होती. तो थांबला नाही.

वर तळ्याच्या कडेला अजून बर्फाची किनार होती. गाड्या रांगेने लागल्या होत्या. ज्याला आपली गाडी दाखवायची असेल तो बॉनेट उघडतो. बंद बॉनेटपाशी कोणी रेंगाळत नाही. तामोत्सुने उघडलं. कात्सुजीला खटका सापडेना, तोवर त्याच्याभोवती माणसं जमलीसुद्धा. तामोत्सु गरम कॉफीचा कॅन हातात धरून आपल्या गाडीशी उभा राहिला. समोर सगळ्यांच्या पाठी.

निइगाताचा माणूस म्हातारा होता. त्याने कात्सुजीची परवानगी विचारली, जमिनीवर चटई टाकली आणि गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा बोटाला काहीतरी लागलं होतं. ते त्याने जिभेला लावलं.

"मीठ आहे हो," तो म्हणाला. "आजचं दिसतंय. असं कोरं पोट मी आजवर बघितलं नव्हतं, आणि त्याला मीठ?"

कात्सुजी हसला. "छे, छे. रस्ता तामो-सान स्वतः बघून आलेत. त्यांचं चुकत नाही."

म्हाताऱ्याने तामोत्सुकडे बघितलं. त्याच्याही गावात बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात. त्याला काही सांगायची गरज नव्हती. चटईची गुंडाळी करून तो पुढच्या गाडीकडे गेला.

तामोत्सुने बॉनेट लावलं. "कात्सु, चल. उतरायचं."

"आत्ता? अहो, आत्ताच तर आलोय!"

"चल म्हणतो ना. दक्षिणेने. सरळ माझ्या अंगणात."

"भूक लागलीय का यांना?" फुमिएने विचारलं. तामोत्सु गाडीत बसलाही होता, तशी तिने खांदे उडवले आणि ती तिथेच राहिली.

अंगणात त्याने कात्सुजीची गाडी जॅकवर घेतली, लोखंडी घोड्यांवर ठेवली, चारही चाकं उतरवली. सेत्सुकोकडून गरम पाण्याच्या बादल्या मागवल्या. नळाच्या धारेने वरचं मीठ जातं, पत्र्याच्या घड्यांतलं आणखी आत बसतं. तिथे ब्रशच हवा. तो पाठीवर झोपला आणि पुढच्या टोकापासून सुरुवात केली. पाणी कोपरातून काखेत उतरत होतं. उजवा खांदा ठणकायला लागला तेव्हा ब्रश डाव्या हातात घेतला.

"तुमची नाही धुवायची?" सेत्सुकोने विचारलं. त्याची गाडी फाटकाशी तशीच मिठाने पांढरी उभी होती.

"तिचं नंतर."

मागच्या चाकाच्या पोकळीत, दोन पत्रे जिथे मिळतात तिथे, त्याचा हात थांबला. जोडावर लांबी भरलेली होती. कारखान्यात भरलेली, रंगाच्याही आधी.

"कात्सु, बॅटरी धर. वर. अजून वर."

कात्सुजी वाकला. "काय झालं? गंज?"

"अंगठा."

"कुणाचा?"

"कोणाचा ते कसं सांगू? चाळीस वर्षांपूर्वीचा. हे बघ. इथे टेकवला, आणि इथपर्यंत एका दमात ओढत नेला. मध्ये कुठे थांबला नाही. शेवटी असा जरा उचलून घेतलाय, म्हणजे थेंब राहू नये."

हाच जोड त्याने आपल्या गाडीवर चार वेळा भरला होता. सुरीने, मग ब्रशने, मग कापडाने. दर वेळी कुठेतरी फुगवटा आला आणि खरवडावा लागला. चौथ्या वेळी त्याने हार मानून वर लेप फासला. आणि हा कोणी माणूस, कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर एकामागून एक गाड्या येताहेत, मागचा खोळंबलाय, आणि याने हे केलं, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी. लोक हिला हात न लागलेली म्हणतात. तामोत्सुला पुन्हा तेच टोचलं. या वेळी कात्सुजीमुळे नव्हे. त्याने आपला अंगठा त्या रेघेवर ठेवून ओढून बघितला. तो रुंद पडत होता.

"हरामखोर," तो म्हणाला.

"मी?"

"तू नाहीस."

तो बाहेर सरकला आणि ओल्या जमिनीवर उठून बसला. "मीठ होतं, ते मला माहीत होतं, कात्सु. गुरुवारी चाखून आलो होतो. दक्षिणेला नव्हतं."

कात्सुजीने बॅटरी बंद केली.

"मेव्हणा पाऊस पडून गेल्याशिवाय काढायचा नाही तिला," तो म्हणाला. "ताईने मला बजावलंही होतं. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, तामो-सान आहेत."

तामोत्सुने ब्रश बादलीत बुडवला.

"दक्षिणेला सायकलवाले म्हणे."

"हो."

"का हो?"

"तुला ती आयती मिळाली म्हणून."

कात्सुजी ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बॅटरी जमिनीवर ठेवली आणि अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. तामोत्सु पुन्हा गाडीखाली गेला. उरलेली बाजू केली, मागचा आडवा दांडा केला, दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत पाणी सोडून खालच्या भोकांतून वाहू दिलं, स्वच्छ येईपर्यंत. अंगठ्याच्या रेघेवरून ब्रश नेला नाही. तिथे मऊ फडकं घेतलं.

ऊन डोंगरामागे जायला लागलं तेव्हा त्याने बोट ओलं केलं, पत्र्यावरून फिरवलं आणि चाखलं.

"झालं," तो म्हणाला. "गेलं सगळं."

पावलं जवळ आली. कात्सुजी चांगल्या पँटनिशी ओल्या जमिनीवर झोपला आणि सरकत आत आला. त्याने तामोत्सुकडे बघितलं नाही. स्वतःचं बोट ओलं केलं, पुढच्या घडीत खोल घातलं आणि जिभेला लावलं.

"अजून खारट आहे," तो म्हणाला.

तामोत्सु बाहेर आला, बादली उचलली आणि पाणी भरायला गेला.