तिचा आवाज चढला की

मूल पोटातच गेलं. त्यानंतर तिची झोप उडाली, बोलणं भरकटलं, आणि नवऱ्याने तिला मनोरुग्णालयात नेऊन सोडलं ते सोडलंच. काही महिन्यांनी ती बरी झाली. न्यायला भाऊ आला. सासरचं दार बंद झालं होतं, म्हणून माहेरी राहून ती पुन्हा शिवणकाम करू लागली.

हात चांगला होता तिचा. पण कात्री वहिनीच्या कपाटात, कुलपात असे. कापड बेतायचं तर मागून घ्यायची, काम झालं की परत द्यायची. घरात पोरं आहेत, एवढंच वहिनी म्हणे. ब्लाउज घट्ट झाला की गिऱ्हाइकं हिला वाट्टेल ते बोलत. हिने जरा आवाज चढवला की मात्र एकमेकींकडे बघत. भाऊ हळूच विचारी, गोळी घेतलीस ना? मग रागावणं, रडणं, हसणंसुद्धा तिने बेताबेताने करायला घेतलं.

एका सकाळी तिला गॅसचा वास आला. वहिनीचं नाक सर्दीने चोंदलेलं, तिला काही कळेना. भावाने वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही.

"तुला भास होतोय. जरा पड जाऊन."

ती सिलिंडरकडे वळली, तर वहिनीने दंडाला धरून तिला बाहेर आणलं. मग वहिनीने काडी ओढली आणि भडका उडाला. वहिनीचा हात कोपरापर्यंत भाजला. धावत येऊन सिलिंडर बंद केला तो हिनेच.

दुरुस्तीवाल्याने चिरलेली नळी भावाच्या हातात दिली. तरी संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की वेडीने गॅस उघडा टाकला.

"दादा, तू सांग ना लोकांना," ती म्हणाली.

"कुणाकुणाचं तोंड धरू? आपल्याला माहीत आहे ना, झालं मग."

तेव्हा मात्र ती ओरडली. साचलेलं सगळं बाहेर पडलं. शेजारचं दार किलकिलं झालं. भावाने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हिला राग आलाय, दुसरं काही नाही. ते कुणाला पटलं नाही. तिने घर सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. कुणी विचारलं तर सांगते, विधवा आहे. मेलेला नवरा लोकांना चालतो. मुकादमाशी ती कडाकडा भांडते, बायका तिला 'मिरची' म्हणतात आणि भांडणाची मजा घेतात.

एकदा भाऊ फाटकाशी आला. वहिनीने बोलावलंय, घरी चल म्हणाला. तिने त्याला घाईघाईने कोपऱ्यापलीकडे नेलं.

"इथे परत येऊ नकोस. तुझ्या तोंडून एक शब्द निसटला, तर माझं इथलं संपलं."

आत आल्यावर शेजारच्या मशीनवालीने विचारलं, कोण होता गं? जुन्या घराजवळचा दुकानदार, ती म्हणाली.

भाऊ पुन्हा आला नाही. त्यालाही बहुधा हायसंच वाटलं असावं.